त्रिविक्रम नावाचा उखाणा

"आता हा ऐक," मी फोनवर म्हटलं. "'मेलेल्या कवीचा मोबाईल नंबर'."

पलीकडं त्रिविक्रम इतका हसला की त्याला ठसका लागला.

"खोटं. हे तू मनानं बनवतेस."

"आईशपथ नाही. मंगळवारी जळगावहून कुणीतरी हेच शोधत आलंय. पुढचा ऐक, 'शेळीपालन कर्ज कसे मिळेल'."

"शेळीपालनवाला तुझ्याकडं कसा काय?"

"त्या कादंबरीच्या परीक्षणात मी शेळ्यांवर अख्खा परिच्छेद लिहिला होता, आठवतंय? आला बिचारा कर्ज मागायला, आणि हातात काय पडलं, तर ग्रामीण वास्तवाचं प्रतीक. आणि हा तर कळस आहे. 'कवीला महिन्याला पगार किती असतो'."

"त्याला उत्तर मिळालं तर मलाही कळव."

दर रविवारी सकाळी आमचा हा कार्यक्रम ठरलेला. तो पुण्यात, एका कंपनीत इंजिनियर. मी सोलापुरात. एका कॉलेजात तासिका तत्त्वावर मराठी शिकवायचे आणि उरलेल्या वेळात 'समासातलं' नावाचा ब्लॉग लिहायचे, पुस्तकांवर, कवितांवर, कधी एखाद्या बंद पडलेल्या मासिकावर. दोन हजार अकरा सालातली गोष्ट आहे ही. तेव्हा ब्लॉग लिहिणं म्हणजे काहीतरी करतोय असं वाटायचं. ब्लॉगला एक काउंटर होता. वाचक कुठल्या गावाहून आला आणि काय शब्द शोधत आला, ते तो दाखवायचा. तो काउंटर त्रिविक्रमनंच लावून दिला होता. म्हणाला होता, "वाचक कोण आहेत ते तरी कळू दे तुला." कळल्यावर मी आठवडाभर रडकुंडीला आले होते. साहित्य शोधत येणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. बाकी सगळी वाट चुकलेली माणसं. मग रडण्यापेक्षा हसलेलं बरं, म्हणून आम्ही रविवारी ते शोध वाचून हसायला लागलो.

"आणि उखाणे?" त्यानं विचारलं. "या आठवड्यात किती जणी?"

"नाव काढू नकोस."

झालं होतं असं, की मी एकदा उखाण्यांवर चांगला अभ्यास करून लेख लिहिला होता. लोकछंद, यमकं, नवऱ्याचं नाव न घेण्याची रीत, बायकांनी त्यातून काढलेली वाट, सगळं होतं त्यात. तेव्हापासून महाराष्ट्रातल्या तमाम नवऱ्या मुली माझ्या दारात. 'नवरीसाठी सोपे उखाणे'. 'इंजिनियर नवऱ्यासाठी उखाणे'. 'लाज वाटते म्हणून लहान उखाणा'. काही जणी सरळ नावच टाकायच्या, 'ज्ञानदेव नावाचा उखाणा', 'रावसाहेब नावाचा उखाणा'. यायच्या, माझा लोकछंद बघायच्या आणि आल्या पावली पळून जायच्या.

"लिहून टाक की चार-दोन," तो म्हणाला. "पुण्य लागेल."

"मी समीक्षा लिहिते. मंगल कार्यालय चालवत नाही."

"माझ्या नावाचा जमेल का गं?"

"तुझ्या नावाला यमक सापडेपर्यंत तुझी बायको म्हातारी होईल."

तो हसला. मीही हसले. आणि मग दर रविवारी विचारायचे ते विचारलं. "घरी कधी सांगणार आहेस?"

"दसऱ्याला जातोय ना सांगलीला. या खेपेला काढतोच विषय."

"गणपतीतही काढणार होतास."

"गणपतीत आत्या आली होती, पद्मा. आत्यासमोर कसा काढणार?"

चार वर्षं झाली होती. माझ्या एका लेखाखाली त्यानं प्रतिक्रिया लिहिली होती, 'तिसऱ्या परिच्छेदात तुम्ही घाबरलात. जे म्हणायचं आहे ते सरळ म्हणा.' मला राग आला, मग मी तो परिच्छेद पुन्हा वाचला, आणि खरंच मी घाबरले होते. माझं लंगडं वाक्य तो बरोबर पकडायचा. त्याच्याइतकं नीट मला कुणी वाचलं नव्हतं, आणि प्रेम काय फक्त चेहऱ्यावर बसतं असं थोडंच आहे! माझं तिथंच बसलं.

अडचण घरची होती. ते सांगलीचे इनामदार. आम्ही सोलापूरच्या पूर्व भागातले येमूल, पद्मशाली. आमच्या पिढ्या मागावर गेल्या, वडील मागावरच गेले, आणि अम्मा विड्या वळते. घरात तेलुगू. "मराठी नाही का ती? असं विचारतील गं घरचे," तो म्हणायचा. मी म्हणायचे, "सांग त्यांना, तुमच्या घरातल्या सगळ्यांपेक्षा जास्त मराठी तिला येते." यावर तो हसायचा, पण सांगायचा नाही.

अम्मानं माझ्यापायी दोन स्थळं परतवली होती. भिवंडीचं तिसरं दारात उभं होतं, मुलाचे स्वतःचे पॉवरलूम होते. अम्मा म्हणाली होती, "दिवाळीपर्यंत थांबते. त्यानंतर मला लोकांना तोंड द्यायला लावू नकोस." तेव्हा मी अठ्ठावीसची होते. मला त्याच्याशीच लग्न करायचं होतं, दुसऱ्या कुणाशी नाही, इतकी साधी गोष्ट होती ती.

दसरा झाला. तो सांगलीहून परत आला आणि फोनवर म्हणाला, "काढला विषय."

हातात अजून खडू होता. मी वर्गाबाहेर व्हरांड्यात उभी होते.

"मग?"

"वातावरण बरं आहे. जरा थांब. घाई करू नकोस."

"मी घाई करतेय? मी?"

"बरं बाई, तू नाही. पण थांब."

त्याच आठवड्यात मी सकाळी चहा घेता घेता काउंटर उघडला. 'माझी शाळा निबंध', 'नवरीसाठी सोपे उखाणे', 'निबंध माझी शाळा', आणि त्यांच्या मध्ये एक ओळ: 'त्रिविक्रम नावाचा उखाणा'. गाव, सांगली.

मी ती ओळ वाचली, पुन्हा वाचली, आणि घशातला चहा नाकात गेला.

"अम्मा! अगं अम्मा, इकडं बघ!"

अम्मा दारात मांडीवर सूप घेऊन बसली होती. तेंदूची पानं कापता कापता तिनं मान वर केली. अम्मा तेलुगूतच बोलते, इथं मी तिचं मराठीत लिहितेय.

"काय झालं? नोकरी लागली का पक्की?"

"त्याहून मोठं. त्यांच्या घरून शोधतायत. सांगलीहून. माझ्या ब्लॉगवर आलेत, त्याच्या नावाचा उखाणा शोधत."

"कोण शोधतंय?"

"त्याची बहीण असणार. शाल्मली. तिला हौस आहे असल्या गोष्टींची. त्यानं माझं नाव सांगितलं असणार, ब्लॉग दाखवला असणार, म्हणून माझ्याच ब्लॉगवर आली."

अम्मानं कात्री खाली ठेवली. "त्यांनी आधी आपल्याला काही विचारायला नको का? उखाण्यापर्यंत कसे गेले?"

"अगं, तू पण ना! मोठ्या घरची माणसं अशीच बघतात आधी. गुपचूप. पोरगी काय करते, कशी बोलते, सगळं."

"उखाणा तर पोरगी घेते, बिड्डा. पोराची बहीण कशाला शोधेल?"

लेकराला आमच्यात बिड्डा म्हणतात. अम्मा लाडात आली की किंवा घाबरली की मला बिड्डा म्हणते. मला त्या वेळी लाड ऐकू आला.

"माझ्यासाठी शोधत असेल. मला मराठी उखाणे येत नसतील असं वाटत असेल त्यांना. थांब, दाखवतेच."

आणि मी इरेला पेटले. कॉलेजात, बसमध्ये, भाजीच्या फोडणीत, एकच चाळा. विक्रम, पराक्रम, उपक्रम, श्रम. पराक्रम घातला की शाळेतलं समूहगीत वाटायचं, उपक्रम घातला की ग्रामपंचायत. मी उखाण्यांवर लेख लिहिणारी, आणि मला एक उखाणा जमेना! शेवटी एका तासाला मुलांना पुस्तक कसं बघावं ते सांगत होते, आधी अनुक्रम बघा, मग प्रस्तावना, आणि तिथंच सापडला. मुलांना म्हटलं, पाच मिनिटं मनात वाचा. आणि मी फळ्याकडं तोंड करून उभी राहिले, कारण मला हसू आवरत नव्हतं.

पुस्तक उघडताच आधी दिसतो अनुक्रम,
पान कुठलंही उलटा, तिथे त्रिविक्रम.

घरी येऊन ब्लॉगवर टाकला. वर लिहिलं, 'सांगलीहून आलेल्या पाहुणीसाठी'. खाली लिहिलं, 'या नावाला यमक नाही असं मीच म्हणत होते. कधीपासून शोधत होते, आज सापडलं.' बस, एवढंच. माझ्या ब्लॉगवरचा सगळ्यात लहान लेख असेल तो. त्याला आधी सांगितलं नाही. माझा प्रत्येक लेख पहिला तोच वाचायचा, हाही वाचेल, आणि मग फोन करेल, असं म्हणून बसले.

फोन आला नाही. रविवारी मीच केला.

"वाचलास का?"

"हं. वाचला."

"मग? हं काय? तिसऱ्या परिच्छेदात घाबरले का मी?"

"छान आहे, पद्मा. खरंच छान आहे. असा कुणाला जमला नसता."

त्याचा आवाज जड होता. मला वाटलं, गडी विरघळला. किती खूश झाले होते मी, काय सांगू! सारखी उठून खिडकीपाशी जात होते, परत येत होते.

"घरी वाचला का?"

"सांगलीपर्यंत पोचलाय तो," त्रिविक्रम म्हणाला. "ऐक ना, पुढचे दोन-तीन रविवार मला जमायचं नाही. ऑफिसात फार काम आहे. दिवाळीलासुद्धा धावपळच. रागावू नकोस."

"आता कशाला रागावू?" मी म्हटलं.

अम्माला सांगितलं, उखाणा पोचला, त्यांनी वाचला. अम्मानं त्याच संध्याकाळी भिवंडीच्या मध्यस्थाला नाही कळवून टाकलं. मध्यस्थ म्हणजे तिचा मावसभाऊ. तो घरी येऊन वाट्टेल ते बोलून गेला. अम्मानं सगळं ऐकून घेतलं. एरवी ती कुणाचं ऐकून घेणारी बाई नाही. दुसऱ्या दिवशी विड्या जमा करायला कारखान्यात गेली तेव्हा तिथल्या बायकांना तिनं सांगितलं, माझ्या पद्माचं सांगलीला ठरतंय, मोठ्या घरी. मला हे नंतर कळलं. परत येताना तिनं त्याच्या आईसाठी एक साडी बघून ठेवली होती, इरकली, हिरवी. दुकानदाराला बाजूला ठेवायला सांगून आली होती.

दिवाळी झाली. मध्यस्थमामा लाडू खायला आलाच नाही. तुळशीचं लग्न लागलं, आणि दुसऱ्या दिवशी ब्लॉगवर प्रतिक्रिया आली. माझ्याकडं प्रतिक्रिया आधी मला दिसायच्या, मी परवानगी दिली की मगच ब्लॉगवर यायच्या. उखाण्याच्या लेखाखाली कुणी तनुजानं लिहिलं होतं:

'नमस्कार ताई. खास उखाण्याबद्दल खूप खूप आभार. ह्या नावाचा उखाणा मला नेटवर कुठेच मिळत नव्हता. रविवारी आमच्या साखरपुड्यात हाच घेतला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सासूबाई म्हणाल्या, नशीब काढलं, सून वाचणारी मिळाली. ताई, खरं सांगू का, मी काही वाचत बिचत नाही. लग्न पुढच्या महिन्यात आहे. घास भरवताना अजून एक लागेल. लिहून द्याल का?'

मी हसले. खरंच सांगते, आधी हसू आलं. म्हटलं, बघा, जगात दुसरा त्रिविक्रमही आहे, आणि त्याचंही लग्न ठरलंय. मग हसता हसता 'सांगलीहून आलेल्या पाहुणीसाठी' या माझ्याच ओळीवर नजर गेली.

"अम्मा," मी म्हटलं, "सांगलीत त्रिविक्रम नावाची माणसं किती असतील?"

"असतील की. का गं?"

मी तिला वाचून दाखवलं. अम्मा विडीला दोरा बांधत होती, ती तशीच थांबली. मग म्हणाली, "दुसरा असेल. एवढं मोठं गाव आहे. माणसानं उगीच वाईट का धरायचं?" पण माझ्याकडं बघत नव्हती ती.

त्याला फोन करणं सोपं होतं. तो मी केला नाही. मला त्याच्याकडून ऐकायचं नव्हतं, कारण तो जे सांगेल त्यावर मी विश्वास ठेवला असता, हे मला माहीत होतं. प्रतिक्रियेबरोबर तनुजाचा मेलचा पत्ता होता. मी लिहिलं: 'अभिनंदन. दुसरा उखाणा आडनावासकट करू या, लग्नात तसा छान वाटतो. नवरदेवांचं पूर्ण नाव कळवाल का?'

तासाभरात उत्तर आलं. भाबडी पोरगी. पूर्ण नाव, वय, कंपनी, सगळं लिहून वर स्वतःचा मोबाईल नंबर दिला होता. 'त्रिविक्रम माधवराव इनामदार. पुण्याला असतात. ताई, इनामदारला यमक सोपं आहे ना?'

मी मोठ्यानं रडले. अम्मा उठून आली, तिच्या मांडीवरचं सूप कलंडलं, तंबाखू घरभर झाली. तिनं मला जवळ घेतलं तेव्हा तिच्या हातांना तंबाखूचा तो नेहमीचा वास होता. तिला काही सांगावं लागलं नाही.

त्याला फोन लावला तो दुपारी. तोंड धुऊन, पाणी पिऊन, नीट बसून.

"पद्मा, मी मीटिंगमध्ये आहे गं."

"बाहेर ये. तुझ्या साखरपुड्याबद्दल बोलायचंय."

खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग दार.

"तुला कुणी सांगितलं?"

बघा. 'कसला साखरपुडा' असंसुद्धा म्हणाला नाही. तेवढं तरी म्हणायला हवं होतं.

"ते सोड. मला कधी सांगणार होतास?"

"सांगणारच होतो. मला तोंडच नव्हतं, पद्मा. आईची तब्येत..."

"काय झालंय तुझ्या आईला?"

"झालं नाहीये. पण झालं असतं."

"वा रे वा! न झालेल्या आजारापायी तू साखरपुडा उरकलास?"

"तू त्यांना ओळखत नाहीस."

"ओळख करून द्यायचं काम तुझं होतं. चार वर्षं होतास कुठं? आणि दसऱ्याला विषय काढला म्हणालास तो कुणाचा?"

"तू आधी ऐकून तर घे."

"माझा काढलास का? खरं सांग."

"काढणार होतो. त्यांनी आधीच मुलगी बघून ठेवली होती. बाबा म्हणाले, संध्याकाळी जाऊन येऊ. मी नाही म्हणायच्या आत..."

"म्हणजे माझं नावच निघालं नाही त्या घरात."

"पद्मा..."

"आणि मला सांगितलंस, वातावरण बरं आहे! माझ्या अम्मानं भिवंडीचं स्थळ परतवलं तुझ्या वातावरणावर. लाज नाही वाटली? फोनवर माझ्याशी हसत होतास रे तू!"

तो रडायला लागला. पूर्वी तो रडला असता तर मी पुण्याची गाडी पकडली असती. त्या दिवशी मी नुसती ऐकत राहिले.

"एवढंच सांग," मी म्हटलं. "उखाण्याचं काय? तो तिच्या हातात कसा गेला?"

"तिला सापडला. नेटवर. मला काही कल्पनाच नव्हती. साखरपुड्यात एकदम तिनं घेतला आणि मी... मला कुठं तोंड लपवू असं झालं. सगळ्यांसमोर काय करणार होतो मी? शपथेवर सांगतो, तेव्हा तूच डोळ्यांपुढं होतीस."

हे मला खरं वाटलं. इतकं सगळं होऊनही खरं वाटलं, आणि वर थोडी कीव आली त्याची. भर मांडवात बसलेला, नवं जाकीट घालून, आणि कानावर माझी ओळ पडलेली. म्हटलं, झाली शिक्षा याला.

"तिला काही सांगू नकोस," तो म्हणाला. "तिचा काय दोष?"

"तिचा दोष नाही हे तू मला शिकवू नकोस."

"आणि तो लेख काढून टाक ना. खाली तू लिहिलंयस, कधीपासून शोधत होते म्हणून. कुणी वाचलं तर काय वाटेल?"

मी फोन ठेवला. तोंडावर ठेवला म्हणतात ना, तसा. पुन्हा वाजला, उचलला नाही.

अम्मा तंबाखू गोळा करत होती. सगळं ऐकलं होतं तिनं. मराठी ती बोलत नाही, पण समजतं तिला सगळं.

"त्या पोरीला फोन कर," ती म्हणाली.

"तिनं काय केलंय अम्मा? तिचं कशाला बिघडवू?"

"कशाला बिघडवू म्हणतेस, पण ते आधीच कुजलंय. माझ्या पोरीला कुणी वेळेवर सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मी सांगणाऱ्याच्या पाया पडले असते. तू कर फोन. पुढचं ती बघेल."

मला पटलं नाही. तरी नंबर लावला. मनात एवढंच होतं, की सांगावं, दुसरा उखाणा मी लिहून देणार नाही, दुसरीकडं बघ, आणि ठेवून द्यावं. बाकी काही बोलायचं नाही. त्याच्यासाठी नाही, त्या पोरीसाठी.

"ताई! अय्या, तुम्ही स्वतः फोन केलात?" काय गोड आवाज होता. वीस-बावीसची असेल. मागं घरात माणसांची गडबड होती, कुणीतरी मिक्सर लावला होता. "थांबा हं, आतल्या खोलीत जाते. हां, बोला. जमला का हो घासाचा?"

"नाही जमला. तेच सांगायला..."

"असू दे, असू दे. घाई नाही. पण पहिला कसला भारी लिहिलात हो! मला तर पाठ करताना अर्थच लागत नव्हता. अनुक्रम म्हणजे काय ते आईला विचारलं."

"तुला सापडला कसा पण तो?" हे मी का विचारलं कुणास ठाऊक. माहीतच होतं की.

"मला कुठला सापडतोय! मी शोधून शोधून दमले, तुमच्या ब्लॉगवर पण आले होते आधी, तिथं नुसता मोठा लेख होता, मला काही कळला नाही. शेवटी मी दुसराच एक पाठ केला होता, ताट-वाटी-समईवाला. ह्यांना फोनवर ऐकवला तर ह्यांनी नाकच मुरडलं. म्हणाले, फार पांचट आहे, आमच्या घरी शोभणार नाही, थांब, मी एक पाठवतो. आणि लगेच तुमची लिंक पाठवली."

"त्यानं पाठवली?"

"हो. म्हणाले, सोलापूरच्या एक बाई आहेत, त्यांना मी सांगून खास आपल्यासाठी लिहून घेतलाय. त्या लिहून देतात म्हणाले असे. वर ते 'पाहुणीसाठी' लिहिलंय ना तुम्ही, ते माझ्यासाठीच ना? मी सगळ्या मैत्रिणींना दाखवलं."

लग्न मोडलं तेव्हा रडले होते, आता रडूही येईना. दुसरीशी लग्न ठरवलं, एक वेळ ठीक. पण माझं वाक्य त्यानं पारखलं होतं. समईवाल्या वाक्यापेक्षा चांगलं म्हणून निवडलं होतं, आणि उचलून तिच्या हातात दिलं होतं. माझं लंगडं वाक्य पकडणाऱ्या त्या माणसाला नीट कळलं होतं, की हे लंगडं नाही.

"ताई? आहात ना?"

"तनुजा," मी म्हटलं, "मी कुणाला लिहून देत नाही."

"म्हणजे? पैसे घेत असाल तर सांगा हं, ते देतील."

"तो उखाणा मी माझ्यासाठी लिहिला होता. तो मी घेणार होते."

तिकडचा मिक्सर थांबला, कुणीतरी तिला हाक मारली, तिनं ओ दिली नाही.

"असं कसं ताई," ती अगदी बारीक आवाजात म्हणाली. "त्यात नाव तर ह्यांचं आहे."

"हो," मी म्हटलं. "ह्यांचंच आहे."